कोकणी, मराठी, भारतीय: ओळख घडते कशी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोकणच्या इतिहासावर शाळांत, वाचनालयांत बोलायला जातो तेव्हा व्याख्यान संपल्यावर, चहाच्या वेळी, तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. काही जण घरी गेल्यावर सवडीने लिहून पाठवतात. त्यांतले नेहमीचे इथे एकत्र केले आहेत. कुठलंही उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. एकच गोष्ट दोनदा सांगावी लागू नये म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. राष्ट्रीय ओळख म्हणजे नागरिकत्वच ना? पासपोर्ट आहे म्हणजे झालं.

नागरिकत्व कायदा देतो. ओळख त्याच्या कितीतरी आधी अंगात मुरलेली असते. लहानपणी कुणाच्या गोष्टी ऐकल्या, कोणत्या सणाला घर सारवलं, कुणाचा पराभव ऐकून आजही वाईट वाटतं, यांतून ती येते.

आपल्याच किनाऱ्यावर याचा चांगला दाखला आहे. रत्नागिरी जिल्हा ब्रिटिश मुलखात होता, सावंतवाडी आणि जंजिरा ही संस्थानं होती, आणि तेरेखोल नदी ओलांडली की गोव्यात पोर्तुगीजांचा अंमल. सावंतवाडी, जंजिरा १९४८ मध्ये विलीन झाले आणि २६ जानेवारी १९५० ला घटना लागू झाल्यावर तिथली सगळी माणसं सारखी नागरिक झाली. पेडण्यातले त्यांचे सोयरे मात्र डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगालचे प्रजाजन होते. बोली एक, दशावतार एक, लग्नं एकमेकांत, आणि कागद निराळे. त्या वर्षांत ही माणसं एकमेकांना परकी झाली नाहीत. कागद आणि ओळख बहुतेक वेळा जोडीने चालतात, पण त्या दोन वस्तू आहेत.

२. ओळख इतिहास घडवतो की संस्कृती?

संस्कृती रोजच्या वापरातली असते, म्हणून तिचं काम दिसत नाही. इतिहासाचं काम दिसतं, कारण प्रत्येक पिढी त्यातलं काय आठवायचं ते निवडत असते.

रायगडाचंच बघा. १८१८ मध्ये गड इंग्रजांच्या हाती गेला आणि पुढची कित्येक दशकं समाधीची दैना झाली. १८६९ मध्ये जोतीराव फुल्यांनी महाराजांवर पोवाडा लिहिला. त्यातले शिवाजी महाराज शेतकऱ्यांचे, शूद्रातिशूद्रांचे राजे आहेत. पुढे रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनी समाधीच्या जीर्णोद्धारासाठी निधी जमवायला घेतला आणि १८९६ मध्ये गडावर उत्सव केला. तिथे महाराज परकी सत्तेविरुद्ध उभ्या राहणाऱ्या राष्ट्राचे नेते म्हणून समोर आले. गड एक, राजा एक, आणि तीस वर्षांच्या आत दोन चित्रं. आजच्या महाराष्ट्रात ही दोन्ही चित्रं जिवंत आहेत आणि एकमेकांशी भांडतही आहेत. मला ते भांडण निकोप वाटतं.

याच्या पुढची गोष्ट मला जास्त विचार करायला लावते. १९०६ मध्ये टिळकांच्या उपस्थितीत कलकत्त्यात शिवाजी उत्सव झाला. बंगालला मराठे ठाऊक होते ते १७४० च्या दशकातल्या स्वाऱ्यांमुळे. मराठी घोडेस्वारांना तिथे 'बर्गी' म्हणत आणि बर्गी आले, आता सारा कुठून भरायचा, असं सांगणारं अंगाईगीत बंगाली आया आजही गातात. त्याच बंगालने शिवाजी महाराजांना आपलं म्हटलं. राष्ट्र उभं राहताना आठवणं जितकं लागतं तितकंच काही बाजूला ठेवणंही लागतं. फक्त बाजूला काय ठेवलं, हे इतिहास शिकवणाऱ्याने लपवू नये.

३. आधी कोकणी, की आधी मराठी, की आधी भारतीय? क्रम कसा लावायचा?

क्रम लावावा लागतो असं मला वाटत नाही. मुंबईच्या चाळीत दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न असे, "गाव कुठला?" तोच माणूस गिरणीच्या दारात कामगार असे, आणि १९५५-५६ मध्ये फ्लोरा फाउंटनला मोर्चात गेला की 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र' म्हणणारा मराठी. १ मे १९६० ला राज्य झालं, त्यात गिरणगावातल्या कोकणी कामगारांचा वाटा फार मोठा होता. शंभरावर माणसं त्या लढ्यात गेली.

या माणसाची ओळख गाव सोडल्याने पातळ झाली नाही. उलट तो गावाकडे पैसे धाडत राहिला, शिमग्याला पालखी नाचवायला आणि गणपतीला पाच दिवसांची रजा काढून येत राहिला. गावानेही त्याला 'चाकरमानी' हे नाव दिलं. जो बाहेर आहे पण आपला आहे, त्याच्यासाठी वेगळा शब्द करणारा समाज ओळखीबद्दल बराच विचार करून बसलेला असतो.

४. भाषा एक नसेल तर राष्ट्र एक राहतं का?

राहतं, पण भाषेचा प्रश्न कुणी फुकट सोडवून देत नाही. नॉर्वेचं उदाहरण कोकणातल्या वाचकाला लगेच कळेल. तो देश जवळपास ४०० वर्षं डेन्मार्ककडे होता आणि लिहिण्याची भाषा डॅनिश झाली होती. १८१४ मध्ये त्यांनी स्वतःची घटना केली, तेव्हा प्रश्न पडला की नॉर्वेची म्हणावी अशी लेखी भाषा कोणती? शहरांत डॅनिश वळणाची भाषा मुरलेली. इवार आसेन नावाचा शेतकऱ्याचा मुलगा १८४० च्या दशकात खेडोपाडी फिरला, बोली टिपून घेतल्या आणि त्यांतून नवी लेखी भाषा उभी केली. १८८५ मध्ये तिथल्या संसदेने दोन्हींना सारखा दर्जा दिला. आज तिथली मुलं शाळेत दोन्ही रूपं शिकतात. लोकसंख्या आपल्या एखाद्या मोठ्या शहराएवढी, तरी हा व्याप त्यांनी मानला.

मालवणी, आगरी, संगमेश्वरी, बाणकोटी यांना मुलांच्या वहीत जागा मिळावी, निदान त्या बोलणाऱ्याला कुणी हसू नये, असं मला मनापासून वाटतं. 'अशुद्ध बोलतो' म्हणून गप्प केलेलं मूल आपल्या आजीलाच चूक समजायला लागतं.

५. गोवा आणि सिंधुदुर्ग इतके सारखे, मग राज्यं वेगळी का?

इतिहास वेगळा झाला म्हणून. गोवा १५१० ते १९६१ अशी साडेचार शतकं पोर्तुगीजांकडे होता. मात्र पेडणे, सत्तरी, डिचोली हे भाग त्यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात घेतले, त्यातले बरेचसे सावंतवाडीकरांकडून. सारखेपणा या भागांत जास्त दिसतो त्याचं कारण हेच.

मुक्तीनंतर गोव्याने महाराष्ट्रात यावं का, यावर १६ जानेवारी १९६७ ला कौल घेतला. स्वतंत्र भारतात असा कौल देण्याची संधी क्वचितच कुणाला मिळाली. केंद्रशासित राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ मतं पडली, विलीन होण्याच्या बाजूने १,३८,१७०. फरक ३४,०२१ चा. म्हणजे ज्यांना महाराष्ट्र आपला वाटत होता तेही थोडे नव्हते. १९८७ मध्ये कोंकणी राजभाषा झाली, त्याच वर्षी ३० मे रोजी गोवा राज्य झालं आणि १९९२ मध्ये कोंकणी घटनेच्या आठव्या अनुसूचीत आली.

कोंकणी ही मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, असं पुढे लगेच विचारलं जातं. स्वतंत्र भाषा. तिचं नातं मराठीशी बहिणीचं आहे, आणि ते मान्य केल्याने मराठीचं काहीही कमी होत नाही.

६. समुद्रापलीकडून आलेली माणसं 'आपली' कधी झाली?

तारीख सांगता येणार नाही. खुणा सांगता येतात.

बेने इस्रायल म्हणजे कोकणातले ज्यू. त्यांची कथा अशी की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटलं आणि सात पुरुष, सात बायका वाचल्या. ते तेल गाळू लागले, शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना 'शनवार तेली' म्हटलं. गावावरून आडनावं पडली: रोहेकर, पेणकर, नागावकर. घरात मराठी, शुभकार्यात एलियाहू हनावी या प्रेषिताच्या नावाने मलिदा, आणि पुढे बायबलातल्या कथांवर मराठी कीर्तनंसुद्धा.

कोकणी मुसलमानांचा मूळ धागा अरबी व्यापाराशी जोडला जातो. उत्तरेतले बहुसंख्य सुन्नी हनफी धर्मशास्त्र मानणारे, तर हे शाफई. अरबी समुद्राच्या किनाऱ्याने आलेल्या धर्माची ती खूण. बोली मात्र इथलीच. जंजिऱ्याचे सिद्दी आफ्रिकेतून आले आणि मराठ्यांना शेवटपर्यंत न घेता आलेला किल्ला राखून राज्य करून गेले. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लईला पोर्तुगीज मुळाची मिश्र बोली आजही घरात बोलतात. पोर्तुगीज १७४० मध्ये तिथून गेले. बोली राहिली आणि बोलणारे मराठीही तितक्याच सहज बोलतात.

या सगळ्यांत मला एक समान गोष्ट दिसते. त्यांना आपलं व्हायला आधी काही टाकून द्या असं गावाने सांगितलं नाही. धंदा, बोली आणि शेजार एवढ्यावर भागलं. अर्थात शेजार म्हणजे बरोबरी नव्हे. गावात जागा मिळाली तरी पायरी ठरलेली असे. त्याबद्दल प्रश्न ९ पाहा.

७. मग कोकणातले 'मूळचे' लोक कोण?

हा प्रश्न थोड्या रागाने विचारला जातो, म्हणून सावकाश उत्तर देतो. परशुरामाने बाण मारून समुद्र मागे हटवला आणि ही भूमी निर्माण केली, ही आपली सर्वांत परिचित कथा. तिचा अर्थ नीट पाहा: जमीनच नवी, म्हणजे तिच्यावर राहणारे सगळे नंतर आलेले. सह्याद्रिखंडातल्या कथेत चित्पावनांचे पूर्वज समुद्रातून वाहत आलेल्या चौदा देहांतून जिवंत झाले असं सांगितलं आहे. बेने इस्रायलांच्या कथेतही वाचलेले चौदाच. दोन समाज, दोन धर्म, आणि आकडादेखील एक. या किनाऱ्याला स्वतःबद्दल सांगताना समुद्रातून येणं कमीपणाचं वाटलं नाही.

पण या कथेत एक मोठी उणीव आहे. जमीन रिकामी होती असं ती धरून चालते. कातकरी, ठाकर, वारली हे त्यात कुठेच नाहीत. कातकरी आज महाराष्ट्रातल्या विशेष असुरक्षित आदिवासी गटांत मोडतात. रायगड जिल्ह्यातल्या कितीतरी कातकरी कुटुंबांचं अर्धं वर्ष वीटभट्टीवर जातं. ज्यांच्या 'मूळचं' असण्याबद्दल फारसा वाद होणार नाही त्यांच्याच नावावर जमीन नाही. मूळचेपणाचा अभिमान मिरवणाऱ्यांनी आधी या वस्तीवर जाऊन यावं.

८. थिबा राजा तर ब्रह्मदेशाचा. त्याचा आपल्या राष्ट्रीय ओळखीशी काय संबंध?

रत्नागिरीची मुलं सहलीला थिबा पॅलेस बघतात आणि परत येतात. मला वाटतं, राष्ट्र म्हणजे काय हे शिकवायला यापेक्षा चांगली जागा कोकणात दुसरी नाही.

१८५७ नंतर इंग्रजांनी बहादूरशहा जफरला रंगूनला नेलं. तो १८६२ मध्ये तिथेच वारला. नोव्हेंबर १८८५ मध्ये मंडाले घेतल्यावर थिबाला आधी मद्रासला आणि १८८६ मध्ये रत्नागिरीला आणलं. राजवाडा १९१० मध्ये तयार झाला आणि डिसेंबर १९१६ मध्ये राजा गेला. त्याची समाधी रत्नागिरीतच आहे. आपला शेवटचा बादशहा त्यांच्या मातीत, त्यांचा शेवटचा राजा आपल्या. राजा प्रजेच्या नजरेसमोरून नेला की लोकांना एकत्र बांधणारी खूण जाते, हे इंग्रजांना कळत होतं.

पुढे दोन देशांत काय झालं ते ताडून पाहा. तिकडे राजा गेल्यावर लोकांनी बौद्ध धर्माचा आधार घेतला. पॅगोडात युरोपियन लोक बूट घालून शिरतात, याविरुद्धची चळवळ हे तिथल्या राष्ट्रवादाचं एक सुरुवातीचं रूप. जिव्हाळ्याचा विषय होता, म्हणून लोक उठले. पण स्वातंत्र्यानंतर राष्ट्र म्हणजे बहुसंख्य बर्मी आणि बौद्ध, हे समीकरण घट्ट होत गेलं. १९८२ च्या कायद्याने पूर्ण नागरिकत्व मुख्यतः १८२३ पूर्वीपासून तिथे असलेल्या जमातींना दिलं. रोहिंग्यांना त्या यादीबाहेर ठेवलं आणि लाखो माणसं बिनदेशाची झाली.

कोकणासाठी कुणी असं एक साल ठरवलं तर कोण उरेल? प्रश्न ६ आणि ७ मधली नावं समोर ठेवून ज्याने त्याने करून पाहावं.

राजाची थोरली मुलगी परत रत्नागिरीला आली, इथेच राहिली. तिची मुलगी रत्नागिरीत मराठी बोलत, अगदी साधेपणाने जगली. ब्रह्मदेशाच्या राजाची नात कोकणी बाई झाली, त्यासाठी कुठल्या कायद्याला काही करावं लागलं नाही.

९. महाडचा सत्याग्रह हा तर जातीचा प्रश्न. त्याला राष्ट्रीय ओळखीत का आणता?

कारण राष्ट्र म्हणजे 'आपण सगळे', आणि 'सगळे' या शब्दाचा खरेपणा महाडला तपासला गेला.

रायगड किल्ला महाड तालुक्यातच आहे. ज्या तालुक्यात ६ जून १६७४ ला राज्याभिषेक झाला त्याच तालुक्यातल्या गावच्या तळ्यावर अडीचशे वर्षांनी गुरं पाणी पीत होती आणि अस्पृश्य म्हटलेल्या माणसांना मनाई होती. मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांनी १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव मंजूर करून घेतला, महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळं खुलं केल्याचा ठराव केला, तरी पाण्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर हजारोंसह चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले. त्यानंतर परिषदेला आलेल्यांवर हल्ले झाले. तळ्याची 'शुद्धी' करण्यात आली. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन झालं. तळ्याच्या वापरावरून झालेला खटला दहा वर्षं चालला आणि मार्च १९३७ मध्ये उच्च न्यायालयाने निकाल अस्पृश्यांच्या बाजूने दिला.

बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुक्यातलं. त्या दिवशी त्यांच्या सोबत सुरबानाना टिपणीसांसारखे सवर्णही होते, हे विसरू नये. आणि दगड मारणारेही याच कोकणातले होते, तेही विसरू नये.

आता घटनेचं कलम १५ काढून वाचा. सार्वजनिक विहिरी, तळी, स्नानघाट वापरण्यापासून धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून कुणालाही अडवता येणार नाही, असं त्यात लिहिलं आहे. 'तळी' हा शब्द वाचला की माझ्या डोळ्यांपुढे चवदार तळं येतं. देशाच्या मूळ कायद्यात पाणवठ्याचा उल्लेख करावा लागला, यातच आपलं राष्ट्र कुठून निघालं ते कळतं.

खोतीविरुद्धचा, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या खोतांच्या सत्तेविरुद्धचा लढा, अलिबागजवळ चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ पर्यंत चालवलेला संप, हेही याच रांगेत बसतात. सहा वर्षं जमीन न कसता काढणं म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या घरातल्याला सांगावं लागणार नाही.

१०. शिवाजी महाराजांच्या आरमाराला 'भारतीय नौदल' म्हणावं का?

पूर्वपीठिका म्हणावं, नौदल म्हणू नये. सतराव्या शतकात आजच्या अर्थाचं राष्ट्र-राज्य जगात कुठेच पुरतं घडलेलं नव्हतं. त्यामुळे महाराजांची दूरदृष्टी कमी ठरत नाही. मालवणला १६६४ मध्ये सिंधुदुर्गाचा पाया घातला तो समुद्रावरची सत्ता ओळखूनच. सुरुवातीच्या जहाजबांधणीत पोर्तुगीज कारागीर होते, आरमारात मायनाक भंडारी होते, दौलतखान होते.

आणि एक गोष्ट जी व्याख्यानांत सहसा गाळली जाते. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गावर तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं, ते इंग्रजांनी आणि पेशव्यांनी हातमिळवणी करून. कान्होजींनी जन्मभर राखलेलं बळ आपल्याच वादात संपलं. मला हे सांगताना दरवेळी त्रास होतो, तरी सांगतो.

सप्टेंबर २०२२ पासून नौदलाच्या ध्वजावर महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे १२ किल्ले गेले, त्यांत रायगड, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे पाच कोकणातले. बारावा जिंजी, तमिळनाडूतला.

११. राज्यगीतात कोकणची एकही नदी नाही. हा अन्याय नाही का?

२०२३ मध्ये स्वीकारलेल्या 'जय जय महाराष्ट्र माझा' या गीतात रेवा, वरदा, कृष्णा, कोयना, भद्रा, गोदावरी येतात. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री नाहीत, हे खरं. पण कोयनेचं पाणी वीज करून झाल्यावर सह्याद्रीच्या पोटातून चिपळूणकडे उतरतं आणि वाशिष्ठीला मिळतं. त्या यादीतल्या एका नदीचं हे पाणी समुद्राला भेटतं ते आपल्याच खाडीतून.

१२. बेने इस्रायल तर इस्रायलला निघून गेले. मग ते भारतीय कसे?

बहुतेक १९४८ नंतर गेले. नागरिकत्व तिकडचं, आणि ते त्यांच्या राजीखुशीने. पण तिथे त्यांना काय भोगावं लागलं ते कळायला हवं. १९६० च्या सुरुवातीला तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या ज्यू असण्यावरच शंका घेऊन लग्नांत अडथळे आणले. त्यांनी आंदोलन केलं आणि १९६४ मध्ये इस्रायलने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचं मान्य केलं. शतकानुशतकं कोकणात त्यांना हे सिद्ध करावं लागलं नव्हतं. घाणा शनिवारी बंद असे, गावाला तेवढं पुरत होतं.

मॉरिशसच्या मराठी माणसांनाही हेच लागू. ब्रिटिश काळात मजुरीला गेलेल्यांचे वंशज आज मॉरिशसचे नागरिक आहेत आणि गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. त्यांना 'परदेशस्थ भारतीय' म्हणण्यापेक्षा मराठी मुळाचे मॉरिशियन म्हणावं. त्यांची निष्ठा कुठे असावी हे आपण इथून ठरवू नये.

१३. माझी मुलं मुंबईत जन्मली, मालवणी येत नाही. त्यांची ओळख काय राहणार?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि बहुधा गणपतीच्या आधी.

भाषा शिकवायची चिंता नंतर करा, आधी मुलांना प्रसंगात उभं करा. गावात गणपती आणल्यावर किंवा देवळात जो गाऱ्हाणं घालतो त्याच्या शेजारी त्यांना जागा द्या. गाऱ्हाण्यात गावाचं, वाडीचं, घराण्याचं नाव येतं, परगावी असलेल्या चाकरमान्यांना सुखी ठेव असं मागणं येतं. म्हणजे तुमच्या मुलांचं नाव त्यात आधीच आहे, हे त्यांना सांगा. परतीच्या वाटेवर महाडला थांबा, तळं दाखवा, प्रश्न ९ मधली गोष्ट तिथेच सांगा. रत्नागिरीला थांबणं झालं तर थिबाची समाधीही दाखवा.

मालवणी येईल तेव्हा येईल. गाऱ्हाण्याच्या प्रत्येक वाक्यानंतर सगळ्यांनी मिळून 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं. तेवढं तर पहिल्याच वर्षी जमतं.